पळस करडा कसा करायचा?

फाल्गुनात पळस फुलला की मी कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट फिल्म भरतो. बरोबरची मंडळी हसतात. एरवी ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि जे केवळ रंगाच्या जोरावर महिनाभर मिरवतं, त्या झाडाचा रंगच काढून घ्यायचा? माझं म्हणणं असं की रंग कृष्णधवल चित्रातही असतोच. त्याला करड्याची कोणती छटा द्यायची, एवढंच छायाचित्रकाराला ठरवावं लागतं. झाडांच्या बाबतीत हे ठरवणं सर्वांत अवघड.

पळसाचंच घ्या. फुलांचा नारिंगी आणि मागच्या आभाळाचा निळा यांत डोळ्यांची कधी गल्लत होत नाही. पण पॅनक्रोमॅटिक फिल्मवर, फिल्टर न लावता, दोघांचे करडे इतके जवळ येऊ शकतात की फुलं आभाळात हरवतात. लेन्सवर नारिंगी फिल्टर चढवला की निळा प्रकाश अडतो, नारिंगी आत येतो. आभाळ गडद होतं, पाकळ्या उजळतात आणि त्यांच्या बुडाशी असलेले मखमली, काळपट निदलपुंज एकेक मोजता येतील इतके सुटे दिसतात. हा फिल्टर साधारण दोन स्टॉप प्रकाश खातो, त्यामुळे वारा पडण्याची वाट बघावी लागते. तेच झाड ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर घ्या. तिला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. पाकळी काय नि निदलपुंज काय, दोन्ही काळे, आणि मागे पांढरं आभाळ. एका चित्रात पळस पेटलेला, दुसऱ्यात जळून कोळसा झालेला. दोन्ही चित्रं खरी. निवड माझी.

पळस निदान रंगाने वेगळा असतो. खरी पंचाईत हिरव्याची. पान निळा आणि लाल प्रकाश शोषून घेतं आणि हिरवा परत करतं, तोही बेताचाच. आंबा, फणस, जांभूळ यांची दाट राई डोळ्यांना हिरव्याच्या दहा तऱ्हा दाखवते. फिल्मवर तिचा एकच गडद ढीग होतो. सुरुवातीच्या छायाचित्रकारांची अडचण तर याहून मोठी होती. चांदीच्या क्षारांना मुळात निळा आणि अतिनील प्रकाशच कळतो. हर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंगद्रव्य मिसळून ही मर्यादा ओलांडायची वाट दाखवली. तोवर पानं काळी आणि आभाळ कोरं, हेच चालायचं. हेन्री फॉक्स टॅलबट यांचं १८४०च्या दशकातलं ओकचं प्रसिद्ध चित्र हिवाळ्यातलं, निष्पर्ण झाडाचं आहे. पानांचा काळा ढीग नाही आणि लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये हलणारं पानही नाही. त्या चित्राची रेखीवता मला यामुळेच शक्य झालेली दिसते.

आज पानं उजळवायची तर पिवळट हिरवा फिल्टर कामी येतो. नवशिके मात्र नाट्यमय आभाळासाठी लाल फिल्टर लावतात आणि मग झाड काळं का आलं म्हणून विचारतात. याच्या अगदी उलट गंमत अवरक्त प्रकाशात आहे. तिथे हरितद्रव्य जवळपास पारदर्शक ठरतं, पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या तो प्रकाश परत फेकतात आणि अख्खं झाड पांढरंशुभ्र उतरतं. रॉबर्ट वूड यांनी १९१० मध्ये अशी चित्रं प्रसिद्ध केली, म्हणून या परिणामाला त्यांचंच नाव आहे. मला स्वतःला ती पांढरी झाडं एकदोनदा बघायला आवडतात. नंतर पिंपळ आणि पांगारा सारखेच दिसू लागतात.

म्हणून माझा हंगाम पानगळीचा. माघात काटेसावरीच्या आडव्या फांद्यांचे मजले उघडे पडतात. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर कांडोळ बघावा. काळ्या कातळावर गुळगुळीत, पांढरट, कागदासारखी सोलवटणारी साल. काही भागांत त्याला भुत्या म्हणतात. इथे कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबायचं नाही. समोर काहीही असो, मीटर ते मध्यम करडं धरून चालतो, आणि पांढरा कांडोळ मळकट येतो. सालीवर मीटर धरून दीड-दोन स्टॉप प्रकाश वाढवायचा. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या आसपास मांडलेल्या झोन सिस्टिमच्या भाषेत, पाचव्या झोनमधली साल उचलून सातव्यात ठेवायची. दुपारच्या उन्हात हे जमत नाही. साल जळते, कातळ बुडतो. सूर्य डोंगराआड गेल्यानंतरचा पाऊण तास त्यासाठी उत्तम.

पावसाळ्यात गणित बदलतं. भिजलेली साल गडद होते. ऐनाच्या खोडावरचे सुसरीच्या पाठीसारखे चौकोन तेव्हा जास्त खोल वाटतात आणि त्यांवरचं दगडफूल फिकट ठिपक्यांनी उठून दिसतं. आंबोलीत किंवा माथेरानला धुकं उतरलं की मागची झाडं एकेक करून फिकी होत जातात आणि राईच्या त्या गडद ढिगातून एक झाड आपोआप बाहेर येतं. फिल्टर इथे निरुपयोगी. उन्हाळ्यातला दूरचा निळसर धूसरपणा लाल फिल्टरने कमी होतो, कारण हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. धुक्याचे थेंब त्यांच्या तुलनेत खूप मोठे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात.

वड मात्र कुठल्याच हंगामात सोपा नाही. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीच्या महावटवृक्षाखाली उभं राहिलं की कुठवर एक झाड आणि कुठून दुसरं, हेच कळत नाही. आत पारंब्यांचा अंधार, कडेला भगभगीत ऊन. मी सावलीतल्या पारंब्यांवर एक्स्पोजर धरतो आणि फिल्म थोडी कमी वेळ डेव्हलप करतो, म्हणजे कडेचं ऊन आटोक्यात राहतं. अख्खा वड एका चौकटीत कोंबण्याच्या भानगडीत पडत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यात हे सगळं घरी बसून करता येतं. रंगीत फाइलमधला नारिंगी वर, निळा खाली, झाला फिल्टर. सोय चांगली आहे आणि मीही ती वापरतो. पण बहुतेक जण सॅच्युरेशन शून्यावर आणून मोकळे होतात. तेव्हा कोणत्या रंगाचा कोणता करडा, हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि सॉफ्टवेअरला पळस माहीत नसतो. शिवाय फुलं आभाळावर घ्यायची की सावलीतल्या डोंगरावर, हे संगणकापुढे बसून बदलता येत नाही. त्यासाठी झाडाखालीच चार पावलं सरकावं लागतं. तेव्हा येत्या फाल्गुनात मोबाइल घेऊन पळसाकडे गेलात, तरी बटण दाबण्याआधी एक ठरवा: फूल उजळ हवं की आभाळ? दोन्ही हवं असेल, तर खुशाल रंगीत फोटो काढा.