पावतीवरची शेवटची ओळ

ती सात पत्रं मी माझ्या हाताने लिहिली. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या लेटरहेडवर, खाली माझी सही आणि गोल शिक्का. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच वाक्य होतं: सदर देणगी आयकर कायद्याच्या कलम ८०जी खाली वजावटीस पात्र आहे. हे वाक्य खोटं होतं. लिहिताना ते खोटं असल्याचं मला ठाऊक नव्हतं. पण खरं आहे का, हे मी तपासलंही नव्हतं. सगळी नोकरी पोस्टात पावत्या फाडण्यात गेलेल्या माणसाला ही सबब सांगता येत नाही.

आमची मंडळी नवापूर तालुक्यातली, छोटीशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन मिशनरी खानदेशात आले, त्या काळापासूनच्या परंपरेतली. बहुतेक घरं भात-तुरीची शेती करणारी. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. पगारदार माणसं बोटांवर मोजण्याइतकी: शिक्षक, एक परिचारिका, एक रेल्वेतले. निवृत्त झाल्यावर २०१६ मध्ये मंडळीने मला खजिनदार केलं. आकड्यांची सवय असलेला माणूस म्हणून सगळ्यांनी विश्वास टाकला आणि माझी वही कोणी उघडून पाहिली नाही. मीही ती कोणाला दाखवली नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात प्रार्थनामंदिराचे पत्रे गळू लागले. स्लॅब टाकायचं ठरलं आणि पगारदारांनी हात सैल सोडला. एका तरुण शिक्षकाने ३०,००० रुपये दिले. काही दिवसांनी तो अंगणात येऊन म्हणाला, “काका, करात सूट मिळेल असं एखादं पत्र द्याल का?” मला आनंदच झाला. एवढं देणाऱ्याला आपल्याकडूनही काही देता येईल, असं वाटलं. मंडळीची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होती. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचं प्रमाणपत्र कपाटात होतं. सरकारदरबारी नोंद आहे म्हणजे सूट आहे, असं मी धरून चाललो. दुसऱ्या एका संस्थेच्या पावतीवरून मजकूर उतरवला आणि त्यांच्या ८०जी क्रमांकाच्या जागी आमचा धर्मादाय नोंदणी क्रमांक घातला. पाळकांना विचारलं नाही, पंचांना विचारलं नाही. त्या वर्षी चार पत्रं गेली, पुढच्या वर्षी तीन.

यातल्या एका पत्राबद्दल अजाणतेपणाचीही सोय नाही. एका सभासदाने १०,००० रुपये रोख दिले होते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर वजावट मिळत नाही, एवढा नियम माझ्या कानावर आला होता. मी त्या एका रकमेच्या पाच पावत्या केल्या, प्रत्येकी २,००० रुपयांच्या, पाच वेगवेगळ्या रविवारांच्या तारखा घालून. त्यांचं नुकसान होऊ नये म्हणून केलं, अशी मनाची समजूत घातली. पण घडलं ते इतकंच की, ज्या चार रविवारी पैसे आलेच नव्हते, त्या दिवशी ते आले असं मी लिहून दिलं. पोस्टाच्या काउंटरवर कोणी मला एक दिवस मागची तारीख घालायला सांगितली असती, तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

दुसरं पत्र कापणीच्या सणाचं. त्या दिवशी लोक शेतातलं पहिलं पीक आणतात. तूर, तांदूळ, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे ठेवल्या जातात. उपासनेनंतर लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या खात्यात जातात. एकाने कोंबडा आणि तुरीचं पोतं मिळून ६,५०० रुपयांची बोली लावली, म्हणून त्या रकमेचंही पत्र मी दिलं. त्याने तर माल विकत घेऊन घरी नेला होता. देणगी होती ती पोतं आणून ठेवणाऱ्या आजींची. त्यांना मी काहीच लिहून दिलं नव्हतं.

हे उघडकीला आलं २०२२ च्या जुलैत. २०२१-२२ या वर्षापासून नियम बदलला होता. ८०जी मान्यता असलेल्या संस्थेने ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडी मध्ये ऑनलाइन भरायची, मग त्यातून प्रत्येकाचं प्रमाणपत्र, फॉर्म १०बीई, तयार होतं. लेटरहेडवरच्या पत्राला आता किंमत उरली नव्हती. त्या शिक्षकाच्या विवरणपत्रात त्या वर्षीच्या देणगीसाठी पोचक्रमांकाचा रकाना आला आणि त्याने मला फोन केला, “काका, तो नंबर तेवढा पाठवा.” माझ्याकडे नंबर नव्हता. असा काही नंबर असतो हेच मला माहीत नव्हतं.

मी गाडीने नंदुरबारला गेलो, एका सनदी लेखापालांकडे. सातही पत्रांच्या प्रती समोर ठेवल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. कोऱ्या कागदावर तीन रकाने आखून मला समजावलं. धर्मादाय नोंदणी म्हणजे संस्था कायद्याने अस्तित्वात आहे. १२एबी म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी. आणि ८०जी म्हणजे देणाऱ्याला वजावट. पहिल्याने तिसरं आपोआप मिळत नाही. आणि जिचं काम पूर्णपणे धार्मिक आहे, त्या संस्थेला ८०जी मिळतच नाही. ज्यांना ती मान्यता आहे, त्यांनाही वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच धार्मिक कामावर खर्च करता येतो. आमची सगळी देणगी प्रार्थनामंदिराच्या छपरासाठी होती.

मी विचारलं, “मग मोठ्या देवस्थानांना कशी मिळते?” ते म्हणाले, त्याचं पोटकलम वेगळं आहे. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचं, नाहीतर राज्यभर ख्यातीचं प्रार्थनास्थळ केंद्र सरकारने अधिसूचित केलं असेल, तर त्याच्या डागडुजी-जीर्णोद्धाराच्या देणगीवर वजावट मिळते. २०२० च्या मे महिन्यात अयोध्येच्या राम जन्मभूमी तीर्थक्षेत्र न्यासाची अशी अधिसूचना निघाली. त्या पोटकलमात मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च चौघांचीही नावं आहेत. तशी अधिसूचना आमच्या मंडळीची नाही, तशीच आमच्या गावातल्या मारुतीच्या देवळाचीही नाही. हे ऐकून मनातली एक अढी सुटली. आपल्यालाच डावललं जातं, असं मी तोवर धरून बसलो होतो.

परतीच्या वाटेवर नवापूरच्या फलाटावर थोडा वेळ बसलो. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. एकाच बाकावर दोन माणसं दोन राज्यांत बसतात. पैसे मिळाल्याची पावती आणि कर वजावटीचं पत्र यांच्यामध्येही अशीच हद्द आहे. बाकावर ती दिसत नाही, पण कायद्याला दिसते. मी ती न पाहता ओलांडली आणि माझ्या विश्वासावर सात माणसांना पलीकडे नेऊन बसवलं.

निस्तरणं सोपं नव्हतं. शिक्षकाच्या ३०,००० रुपयांवर १५,००० ची वजावट धरली होती. २० टक्के दराने, उपकरासकट वाचलेला कर ३,१२० रुपये. रक्कम लहान, पण नोकरदाराला नोटिशीची धास्ती मोठी. २०२२ मध्येच अद्ययावत विवरणपत्राची सोय सुरू झाली होती: राहिलेला कर, त्यावर व्याज आणि वर २५ किंवा ५० टक्के जादा, किती उशीर झाला त्यावर. मी सातही घरी गेलो. पत्र चुकीचं होतं, चूक माझी होती, व्याज आणि जादा रक्कम मी भरतो, असं सांगितलं. पाच जणांनी घेतली. शिक्षकाने नाकारली. रोखीचे १०,००० देणारे मात्र बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पाच तारखा कशाला घातल्यास? मला विचारलं असतंस, तर नको म्हणालो असतो.” ते वाक्य आजही बोचतं.

पंचांपैकी एकाचं म्हणणं होतं, घरातल्या घरात मिटवा. पाळक म्हणाले, पैसे सगळ्यांचे आहेत तर चूकही सगळ्यांना कळू द्या. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सांगताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्याकडे समज आहे की आदिवासीला आयकर नसतो. ती सूट ईशान्येकडची काही राज्यं, लडाख अशा ठराविक भागांतल्या अनुसूचित जमातींसाठी आहे. नवापूरच्या मावची जमातीच्या शिक्षकाला पगारावर कर बसतोच. शेतीचं उत्पन्न मात्र करमुक्त आहे. म्हणजे आमच्यातल्या बहुतेकांना वजावटीच्या पत्राचा उपयोगच नव्हता. म्हणून मी त्यांना कुठलाच कागद दिला नव्हता. सात जणांसाठी शिक्का शोधत राहिलो आणि थैलीत दहा-वीस रुपये टाकणाऱ्यांची, तूर आणणाऱ्यांची नोंद ‘किरकोळ’ या एका शब्दात उरकली. खोट्या पत्रांची भरपाई करता आली. या चुकीची भरपाई कशी करायची, ते मला अजून कळलेलं नाही.

आता दोन सह्यांशिवाय कागद बाहेर जात नाही. पैसे आले त्या दिवसाची तारीख, आले त्या रीतीची नोंद: रोख, चेक की यूपीआय. लिलावातल्या खरेदीची पावती वेगळ्या पुस्तकात. प्रत्येक पावतीच्या तळाशी ओळ छापली आहे: ही पावती अर्पण मिळाल्याची आहे, हिच्यावर ८०जी ची वजावट मिळत नाही. वजावट हवीच असेल, त्याला मी सांगतो की सगळ्या जातिधर्मांसाठी दवाखाना किंवा शाळा चालवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेला द्या आणि १०बीई मागून घ्या. शिवाय नव्या करप्रणालीत ही वजावट नाहीच, हेही आधी पाहा. ती ओळ छापली तर देणगी आटेल, अशी भीती काहींना होती. शिक्षक दर महिन्याला देतो तेवढंच देतो आहे.

गेल्या कापणीच्या सणाला त्याच आजींनी तूर आणली. मी मोजून पावती केली: तूर, दोन पायल्या. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “याचं मी काय करू?”

“जपून ठेवा, आजी,” मी म्हटलं. “वर्षाच्या सभेत ही पावती दाखवून विचारा, माझ्या तुरीचं काय केलंत. सांगणं आमच्यावर बंधनकारक आहे.”

सभेच्या दिवशी त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या, पावती पदराच्या गाठीत. त्यांनी विचारलं. मी वही उघडली आणि वाचून दाखवलं.