मास्तरीण चालली

आमच्या सफाई चौकीवरची मास्तरीण मागच्या महिन्यात नोकरी सोडून गेली. मास्तरीण हे तिचे खरे नाव नव्हे. पगाराची पावती, कार्यालयाचे पत्र, मुलांच्या शाळेचा फॉर्म, काहीही आले की आम्ही बायका तिच्यापुढे धरायचो, म्हणून ते नाव पडले. आता ती सरकारी कचेरीत लिपिक झाली आहे.

नऊ वर्षे आम्हा दोघींची जोडी होती. सकाळी साडेसहाला हजेरी. मग एकीने झाडायचे, दुसरीने ढीग भरून हातगाडी ओढायची. नवरा वारल्यावर त्याच्या जागी ती लागली, तेव्हा बारावी पास होती. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी. ए. झाली, मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि मग स्पर्धा परीक्षेच्या मागे लागली. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून हातगाडीच्या दांड्याला टांगलेले असे. चहाच्या वेळी मी पुस्तक धरून प्रश्न विचारायचे, ती उत्तरे द्यायची. मी सातवी शिकलेली, पण विचारून विचारून घटनेची कलमे मलाही पाठ झाली. कलम १७, अस्पृश्यता नष्ट. कलम २३, वेठबिगारीला बंदी. दोनदा ती नापास झाली. तिसऱ्यांदा यादीत नाव आले, त्या दिवशीसुद्धा सगळा रस्ता झाडून झाल्यावरच तिने घरी फोन केला.

बातमी ऐकून चौकीवर सगळ्यांनाच आनंद झाला असे नाही. आमची थोरली मावशी स्वतः सासूच्या जागेवर लागलेली. ती तर चिडलीच.

"कायमची नोकरी सोडतेस? राजीनामा दिलास की वारसा गेला. उद्या तुझ्या पोरानं कुठं जायचं?"

"मावशी, पोरासाठीच तर सोडतेय."

मावशीला हे लागले. दोन दिवस ती बोलली नाही.

मला दोघींचेही पटते. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. या आधारावर आपल्या किती घरांत चूल पेटली, किती पोरे शिकली! ज्याने ते दिवस पाहिले नाहीत त्याने वारशाला नावे ठेवू नयेत. मास्तरीण तरी कशाच्या बळावर उभी राहिली? पण ही नोकरी मागायला उच्चवर्णीयांची रांग कधी लागली नाही, हेही खरेच. १९३५ साली बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला, झाडूवाल्याच्या हक्कासाठी. आणि दुसऱ्याच वर्षी, १९३६ साली, जात माणसाला बापाच्या धंद्याला कशी जखडून ठेवते हेही त्यांनीच लिहून दाखवले. मावशीला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे गं. पण पोट बाबासाहेबांनाही ठाऊक होतं."

पगार म्हणाल तर मास्तरणीचा फारसा वाढलेला नाही. शिवाय रोज लोकलचा प्रवास.

निरोपासाठी आम्ही पन्नास-पन्नास रुपये वर्गणी काढली. मुकादम म्हणाले भिंतीवरचे घड्याळ द्या, कुणी म्हणाले साडी. शेवटी कचेरीत न्यायला चांगली पर्स घ्यायचे ठरले. बाजारात जाऊन घासाघीस केली ती मावशीनेच. चौकीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, वडापाव आणि पेढे वाटले. मास्तरणीला बोलायला उभे केले तर तिला शब्दच फुटेना. मग म्हणाली, "नऊ वर्षं उभ्यानं काम केलं. आता दिवसभर खुर्चीत बसायचं. झोप नाही ना यायची?" सगळे हसले. मावशी हसता हसता डोळे पुसत होती.

तिची जागा अजून भरलेली नाही. ठेकेदाराकडची एक मुलगी माझ्या जोडीला दिली आहे. काम तेच, पगार माझ्यापेक्षा कितीतरी कमी, आणि वारसा वगैरे तिला काही नाही. एक जण वर चढला की खालची कायम जागा अशी गुपचूप नाहीशी होते. ती जागा कायमच भरावी म्हणून युनियनने अर्ज दिला आहे. त्यावर पहिली सही मावशीची.

मास्तरीण रविवारी विहारात वंदनेला भेटते. पगाराच्या पावतीतल्या कपाती आम्ही आता तिथेच तिच्याकडून समजावून घेतो.