बहिणाबाईंचा आवाज कुठे आहे?

मंडळी, दोन तारखा सांगतो. ३ डिसेंबर १९५१ ला आपल्या असोद्याची लेक बहिणाबाई चौधरी गेली. बरोबर एक वर्षानं, ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी, रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तसा दोन्हींचा काही संबंध नाही. पण माझ्या डोक्यातून ही जोडी जात नाही. का, ते सांगतो.

गीतमाला सिलोनहून का लागायची? कारण १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण केसकर, पुण्याचे, त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा सिलोनकडे फिरवला. शेवटी १९५७ ला सरकारलाच विविध भारती काढावी लागली.

सयानींची गंमत अशी, की सुरुवातीला आकाशवाणीनं त्यांना हिंदीसाठी नाकारलं होतं. उच्चारात गुजराती-इंग्रजीची झाक येते म्हणून! त्यांची आई कुलसुम सयानी नवशिक्यांसाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या. लिप्या तीन, देवनागरी, उर्दू, गुजराती. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. अमीन त्या कामात आईला मदत करायचे. तीच भाषा घेऊन ते माइकसमोर बसले आणि 'बहनो और भाइयो' म्हणाले. मान आधी बहिणींना.

आमच्या पिढीला गीतमाला भेटली ती १९८९ नंतर, विविध भारतीवर. नशिराबादला ओट्यावर रेडिओ ठेवलेला असायचा आणि पहिल्या पायदानावर कोणतं गाणं येणार यावर पैजा लागायच्या. पुढे मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला. मुलाखत कशी घ्यावी, यावर तिथे पानभर नोट्स मिळाल्या. पण मला खरं शिकवलं सयानींच्या मुलाखतींनी. रफी, मुकेश, किशोरकुमार यांच्याशी झालेलं त्यांचं बोलणं ऐकून बघा. प्रश्न साधा, चहाच्या टपरीवर विचारावा तसा. स्वतःची हुशारी दाखवायची घाई नाही. समोरच्याला बोलू द्यायचं. आजच्या चॅनेलवाल्यांनी आठवड्यातून एकदा तरी ऐकावं, भो!

रफी १९८० ला गेले, मुकेश त्याच्याही आधी. तरी त्यांचं साधं बोलणं आज आपल्या कानावर येतं, कारण कुणीतरी विचारलं, रेकॉर्ड केलं आणि ती ध्वनिफीत सांभाळली. तिन्ही गोष्टी लागतात. एक जरी राहिली तरी आवाज गेला.

आता बहिणाबाईंकडे या. त्यांच्या ओव्या वाचल्या, कारण घरच्यांनी त्या उतरवून घेतल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ ला पुस्तक आलं. शब्द राहिले. पण जात्यावर बसून लेवा गणबोलीत त्या कोणत्या हेलानं म्हणायच्या, श्वास कुठे घ्यायच्या, ते गेलं. आपण आज ऐकतो ते दुसऱ्यांच्या गळ्यातलं.

तेव्हा यंत्र हाताशी नव्हतं, समजू शकतो. पण जळगावला १९७६ पासून आपलं आकाशवाणी केंद्र आहे. इतक्या वर्षांत तिथे किती लोककलावंत, कीर्तनकार, शेतकरी बोलून गेले असतील! ध्वनिफितीला आयुष्य असतं. दमट हवेत बुरशी धरते, चुंबकीय थर सुटायला लागतो. म्हणून माझी साधी मागणी आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांची यादी जाहीर करा, त्यांचं डिजिटायझेशन करा आणि लोकांना ऐकू द्या. हा पैसा आपला आहे, आवाजही आपलेच आहेत. आमदार-खासदारांना रस्ता, गटार विचारतो, तसं हेही विचारलं पाहिजे.

मध्यंतरी एका म्हाताऱ्या वहीगायकाला भेटलो. तासभर गायले. मग मला विचारलं, "बाबू, हे कुठे लागीन?" मी म्हटलं, माझ्या मोबाईलमध्ये आहे. ते हसले. म्हणाले, "मोबाईल तर पोरगं पंधरा दिवसात फोडतं."

म्हणून येत्या ३ डिसेंबरला एक करा. घरातल्या आजीला, मावशीला जात्यावरची एक ओवी म्हणायला लावा, रेकॉर्ड करा. नाव, गाव, तारीख सांगायला विसरू नका. आणि ते दोन ठिकाणी ठेवा. तुमच्या गावात असं गाणारं कोण उरलंय, कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. मी येतो.