सभेतील लहान कामे

वार्षिकासाठी काही लिहून द्यावे, असा संपादक-विद्यार्थ्यांचा आग्रह झाला, तेव्हा विषय शोधण्याचे श्रम आम्हांस पडले नाहीत. ह्या वर्षी आमच्या मनाचा मोठा भाग शनिवारच्या वक्तृत्व मंडळाने व्यापलेला होता. त्या मंडळात मुले काय शिकली, ते मुलेच सांगतील. आम्ही काय शिकलो, आणि ते शिकण्यापूर्वी आमच्या हातून कोणती चूक घडली, ते येथे सांगावयाचे आहे. शिक्षकाने आपली चूक छापून प्रसिद्ध करावी, हे काहींस रुचणार नाही; परंतु मुलांच्या चुका आम्ही वर्षभर तांबड्या शाईने दाखवीत असतो, तेव्हा एखादी आमचीही त्यांच्या दृष्टीस पडावी, हे न्यायाचेच आहे.

वक्तृत्व म्हटले की प्रथम स्पर्धा डोळ्यांपुढे येते. वडिलांनी किंवा शिक्षकांनी लिहून दिलेले भाषण, ते घोकणारा मुलगा, ठरावीक वाक्याला उंचावणारा हात, शेवटी टाळ्या आणि ढाल. बोलणारे चार आणि नुसते बसून राहणारे चारशे! ह्या चारशेंचे काय, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस सतावीत होता. म्हणून जूनमध्ये शाळा उघडताच नववी-दहावीच्या चोवीस मुलामुलींचे एक मंडळ आम्ही काढले आणि दोन नियम केले. दर शनिवारी कामे बदलावयाची. आणि सलग दोन सभा कोणी रिकामे बसावयाचे नाही.

ही कल्पना आमची नव्हे. राल्फ स्मेडली नावाचे एक अमेरिकन गृहस्थ १९०५ साली इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन गावी वाय. एम. सी. ए. ह्या संस्थेत काम करीत होते. तेथे येणाऱ्या तरुणांस चारचौघांत बोलता येत नाही आणि सभाही चालविता येत नाही, हे पाहून त्यांनी एक मंडळ सुरू केले. पुढे २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना येथे त्यांनी काढलेल्या मंडळातून ‘टोस्टमास्टर्स’ ही आज जगभर पसरलेली संस्था वाढली. तिचा विशेष असा की तेथे व्यासपीठावर गुरू बसलेला नसतो. सभासदच बोलतात, सभासदच वेळ मोजतात आणि गुणदोषही सभासदच सांगतात. अठरा वर्षांखालील मुलांसाठी त्याच पद्धतीचे ‘गॅव्हल क्लब’ असतात. गॅव्हल म्हणजे अध्यक्षाच्या हातातील लाकडी हातोडी.

आम्ही ही सारी कामे आपल्या मराठीत बसविली. सूत्रसंचालक सभा उघडतो आणि पुढे नेतो. कालमापक समोर पुठ्ठे घेऊन बसतो. तीन मिनिटांच्या भाषणात दोन मिनिटे होताच हिरवा, अडीच होताच पिवळा आणि तीन होताच तांबडा पुठ्ठा वर करतो. उत्स्फूर्त भाषणांचा प्रमुख डब्यातून चिठ्ठ्या काढावयास लावतो आणि निघेल त्या विषयावर एक मिनिट बोलावे लागते. समीक्षकाने आधी चांगले काय ते सांगावयाचे, मग सुधारणा सुचवावयाची ती एकच. मोजणीदार ‘अं’, ‘म्हणजे’, ‘आणि मग’, ‘काय म्हणतात ते’ असल्या अडखळींच्या रेघा ओढतो. इतिवृत्तलेखक सर्व लिहून ठेवतो.

पहिल्या महिन्यातच ह्या लहान कामांची किमया दिसू लागली. वर्गात दोन मिनिटे स्थिर न बसणारा एक मुलगा मोजणीदार झाला आणि तासभर कान टवकारून बसला. समीक्षक झालेल्या मुलीस प्रथमच कळले की दुसऱ्याचे बोलणे ऐकल्यावाचून त्यावर बोलता येत नाही, आणि ह्या परीक्षेत शेजाऱ्याची वही कामाची नाही. आमचीही सुटका झाली नाही. एका चतुर मोजणीदाराने आमच्या इतिहासाच्या तासाला गुपचूप रेघा ओढल्या आणि ‘समजले ना?’ हे दोन शब्द आम्ही एकतीस वेळा उच्चारल्याचे मोठ्या अदबीने निवेदन केले. तेव्हापासून आम्ही ते शब्द जरा जपून वापरतो.

सुरतेच्या मातीला असल्या मंडळांचे नावीन्य नाही, हेही आम्ही मुलांस सांगितले. मराठी भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेस इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ साली त्यांनी दुर्गाराम मेहताजी आणि इतर गुजराती स्नेह्यांसह येथे ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. तीत जातिभेद, विधवांची स्थिती, भुताखेतांवरील अंधविश्वास ह्यांवर उघड बोलणे होई. त्या सभेतील भाषणे वाऱ्यावर विरली. परंतु दुर्गाराम कामकाजाचे टिपण ठेवीत, त्याच्या आधारे महीपतराम रूपराम ह्यांनी १८७९ साली त्यांचे चरित्र लिहिले, आणि म्हणून ती सभा आज आपणांस ठाऊक आहे. सुरतेचेच कवी नर्मद अठराच्या आसपासचे असताना, १८५१ च्या सुमारास, मुंबईत तरुणांच्या सभेपुढे ‘मंडळी’ स्थापन केल्याने होणाऱ्या लाभांविषयी बोलले होते. टिपणे ठेवणाऱ्याचे महत्त्व आम्ही मुलांस असे मोठ्या उत्साहाने पटविले. त्या टिपणात एके दिवशी आमचेच नाव निघेल, हे तेव्हा आम्हांस कोठे ठाऊक होते!

एक काम वर सांगावयाचे राहिले. ते मुद्दामच मागे ठेविले. त्याचे नाव आम्ही ‘शुद्धिरक्षक’ ठेवले होते. वक्त्याच्या तोंडून निघालेले अशुद्ध शब्द टिपावयाचे आणि शेवटी वाचून दाखवावयाचे, हे त्याचे कर्तव्य. दहावीतील एका हुशार, ग्रांथिक मराठी बोलणाऱ्या मुलाकडे ते काम आम्ही प्रथम सोपविले.

आता चलथाणची वस्ती कशी आहे, ते येथील वाचकांस सांगणे नलगे. बाहेरच्यांसाठी दोन शब्द. हे गाव उधना-जळगाव लोहमार्गावर आहे. त्याच रुळांवरून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर इकडची माणसे कामधंद्यासाठी येथे आली आणि स्थायिक झाली. त्यांच्या मुलांची घरची भाषा अहिराणी, रस्त्यावरची गुजराती आणि हिंदी. आपण जिला प्रमाण मराठी म्हणतो ती त्यांस बहुधा शाळेच्या फाटकातच प्रथम भेटते.

जुलैतील एका शनिवारी नववीतील एक मुलगी ‘माझी आई’ ह्या विषयावर बोलावयास उभी राहिली. तिची आई साड्यांना टिकल्या चिकटविण्याचे काम घरी आणते. रात्री एका दिव्याखाली आई टिकल्या कशी लावते, आणि बोटाला चिकटलेली टिकली झोपलेल्या भावाच्या कपाळावर कशी लावून टाकते, हे ती सांगू लागली तेव्हा सभा अगदी निःशब्द झाली. बोलण्याच्या भरात ‘माझी आई’ कधी ‘मन्ही माय’ झाली आणि ‘आहे’चे ‘शे’ झाले, ते तिलाही कळले नाही. भाषण संपले. शुद्धिरक्षक उठला आणि त्याने खणखणीत आवाजात सांगितले, “अशुद्ध शब्द अकरा.” मग त्याने ते एकेक वाचले. सभेत हशा पिकला. मुलगी खाली बसली.

पुढच्या शनिवारी ती आमच्याकडे येऊन म्हणाली, “सर, मला वेळ मोजायचं काम द्या. नेहमीच द्या.” कामे आळीपाळीने करावयाचा आमचाच नियम, पण तिच्या तत्परतेचे आम्हांस कौतुक वाटले आणि आम्ही तो मोडला. ती अचूक वेळ मोजी. तिच्या प्रगतिपुस्तकात ‘उत्तम कालमापक’ असा शेराही आम्ही लिहिला.

दिवाळीच्या सुटीपूर्वी मंडळाचा अहवाल तयार करावयाचा म्हणून आम्ही इतिवृत्ताची वही चाळीत बसलो. पानामागून पान उलटले, तो कालमापकाच्या जागी तेच एक नाव. वक्त्यांच्या यादीत ते नाव जुलैनंतर कोठेच नाही. आम्ही मागे जाऊन ते जुलैचे पान काढले. इतिवृत्तलेखकाने आपले काम चोख केले होते. त्याने लिहिले होते: ‘अकरा अशुद्ध शब्द वाचून दाखविण्यात आले. सर्वजण हसले. सरही हसले.’

ते शेवटचे दोन शब्द वाचून वही मिटली आणि आम्ही किती वेळ तसेच बसून राहिलो, ते सांगता येत नाही. कारण हसणाऱ्या सभेपुढे उभे राहणे म्हणजे काय, हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

आमची मातृभाषा कोंकणी. गोव्यातील खेड्यात घरी कोंकणी आणि शाळेत मराठी, असे आमचे बालपण गेले. बाराव्या वर्षी एका स्पर्धेत बोलताना आम्ही म्हणालो, “मला अत्यंत आनंद जाला.” परीक्षक हसले, त्यांचे पाहून सभागृह हसले. त्यानंतर कित्येक वर्षे कोठेही बोलण्यापूर्वी आम्ही वाक्य मनात जुळवून पाहत असू आणि ‘झाला’ हा शब्द शक्यतो टाळीत असू. पुढे महाविद्यालयात जुनी मराठी अभ्यासावयास आली, तेव्हा संतांच्या लेखनात आणि शिवकालीन पत्रांत हेच ‘जाला’ आणि ‘जाले’ जागोजागी भेटले. ज्या शब्दास लोक हसले तो मराठीचाच जुना शब्द होता! त्या दिवशी सभागृहात हे जाणणारा कोणी नव्हता, आणि ती एक ओळ कळेपर्यंत आमची कित्येक वर्षे धाक बाळगण्यात गेली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सभेत वक्त्यांच्या यादीत आम्ही आपले नाव घातले. ‘जाला’ची ही हकीकत सांगितली आणि जुलैतील हसण्याबद्दल सर्वांसमक्ष क्षमा मागितली. त्या मुलीचे नाव घेतले नाही. तिने नेहमीप्रमाणे बरोबर तीन मिनिटांनी तांबडा पुठ्ठा वर केला आणि आम्ही खाली बसलो.

सभा संपल्यावर तो पूर्वीचा शुद्धिरक्षक आमच्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. “सर, मी तर तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं,” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्याने आपले काम नीट केले होते. काम नेमून देणाराच चुकला होता.

आम्ही ते पद मोडले आणि त्याऐवजी ‘शब्दपाल’ नेमला. शब्दपाल दर सभेस एक नवा मराठी शब्द फळ्यावर लिहितो आणि वक्त्यांनी तो वापरावा, असे सुचवितो. त्याशिवाय वक्त्याची अनुमती घेऊन त्याच्या घरच्या भाषेतील एक शब्द तो फळ्याच्या दुसऱ्या बाजूस मांडतो आणि त्याचा अर्थ त्यालाच विचारतो. प्रमाण मराठी शिकू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परीक्षेची उत्तरपत्रिका तीतच लिहावयाची आहे आणि दूरच्या माणसाशी तीतच बोलावयाचे आहे. परंतु एक भाषा शिकण्यासाठी दुसरीची लाज वाटली पाहिजे, असा कोठे नियम नाही. बहिणाबाई चौधरी ह्या जळगावकडच्या शेतकरी स्त्रीची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली ती खानदेशी बोलीतच, आणि आचार्य अत्र्यांसारख्या साहित्यिकाने ती महाराष्ट्रापुढे अभिमानाने मांडली. आपल्याच लोहमार्गावरील अमळनेर येथे १९२४ पासून सहा वर्षे शिक्षक असलेले साने गुरुजीही कोकणातील पालगडचे. खानदेशच्या मुलांनी त्यांस परके मानले नाही.

पहिला शब्दपाल होण्याची इच्छा त्या शुद्धिरक्षकानेच प्रकट केली. त्याने फळ्यावर पहिला घरचा शब्द लिहिला तो ‘शे’. आणि खाली टीप दिली, ‘पाहा: गुजराती छे’.

जानेवारीत, उसाचा हंगाम ऐन भरात असताना आणि कारखान्याच्या मळीचा वास वर्गात दरवळत असताना, ती मुलगी पुन्हा बोलावयास उभी राहिली. विषय तिचाच होता: टिकल्यांची मजुरी कशी मोजतात. ह्या वेळी ‘मन्ही माय’ हे शब्द तिने एकदाच, परंतु जाणूनबुजून उच्चारले. कोणी हसले नाही. पिवळा पुठ्ठा दिसताच तिने बोलणे आवरते घेतले आणि दोन मिनिटे पन्नास सेकंदांत ती खाली बसली. सहा महिने इतरांची वेळ मोजलेली ती. तिला कोणी काय शिकवावे?

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही सर्वच मोठे वक्ते व्हाल असे नाही. परंतु ग्रामसभा, सोसायटीची सभा, सहकारी संस्थेची वार्षिक सभा ह्यांत तुम्ही बसाल हे निश्चित. तेथे कोणी तरी वेळ पाहावी लागते, कोणी तरी टिपण ठेवावे लागते, कोणी तरी दुसऱ्याच्या बोलण्यावर मत द्यावे लागते. ही कामे लहान दिसतात. पण उद्या कोण बोलावयास उभा राहील आणि कोण कायमचा गप्प बसेल, हे पुष्कळदा त्यांवरच ठरते. आपण काय मोजीत आहोत ते मोजण्यापूर्वी पाहावे आणि जे घडले ते खरे लिहावे, सर हसले असतील तर तेही.

जूनमध्ये मंडळाची नवी यादी होईल. कालमापकाची जागा सध्या रिकामी आहे.