इरियाचा पहाटबाजार

मैत्रिणींनो, जुलैत टोकियोला जाणं झालंच, तर ६ ते ८ तारखांत पहाटे उठून इरिया गाठाच. किशिमोजिनच्या देवळाजवळचा रस्ता ‘असागाओ’च्या कुंड्यांनी फुललेला असतो. असागाओ म्हणजे सकाळचा चेहरा. मॉर्निंग ग्लोरीच ती! उशीर मात्र नको हं, उन्हं चढली की फुलं मिटतात.

आठव्या शतकाच्या सुमारास ही वेल चीनमधून जपानात आली, ती औषध म्हणून. बी रेचक, आपल्याकडचा काळादाणा तो हाच. बागेतलं वेड पुढचं, एकोणिसाव्या शतकातलं. चिरलेल्या पाकळ्यांची, दुहेरी, ओळखूही न येणारी फुलं तेव्हा लोकांनी हौसेनं जोपासली.

गंमत पुढेच आहे. यांतल्या कित्येक नखरेल रोपांना बीच धरत नाही. मग वाण टिकला कसा? बागवानांनी त्यांच्या साध्यासुध्या भावंडांचं बी जपलं. कारण तो गुण त्यांच्या पोटात दडलेला असतो. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम छापले गेले १८६६ मध्ये, त्याच्याही आधीची ही जाण!

घरी लावायची असेल, तर कडक बी रात्रभर भिजवा. मुलांच्या तोंडात मात्र जाऊ देऊ नका, विषारी असतं. आणि हो, फूल साधं निघालं म्हणून रोप उपटू नका बरं का!