कायद्याचें कुटुंब

आमचें सोलापूर हें पंचांगाचें गांव आहे. लक्ष्मणशास्त्री दाते यांनीं सुरू केलेलें पंचांग येथूनच महाराष्ट्रांत घरोघरीं जातें, आणि प्रयाणाचा दिवस त्यांत पाहिल्यावांचून आमच्या घरचें वडील माणूस अद्यापि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकीत नाहीं. परंतु एकोणीस वर्षें आमच्या घरीं दुसरेंही एक पंचांग वाचलें जात असे. तें अमेरिकन सरकारचें परराष्ट्रखातें दरमहा प्रसिद्ध करितें. त्याचें नांव ‘व्हिसा बुलेटिन’. त्यांत तिथि-नक्षत्रांऐवजीं केवळ तारखा असतात. कोणत्या देशाच्या, कोणत्या वर्गाच्या, कोणत्या दिवसापर्यंत अर्ज केलेल्या लोकांची पाळी आली, एवढेंच तें सांगतें. ग्रहांप्रमाणें या तारखाही कधीं मार्गी असतात, कधीं स्तंभी, आणि कधीं वक्री होऊन मागें सरतात. कायमच्या वास्तव्यासाठीं परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्या कुटुंबाच्या नशिबीं काय काय येतें, तें या दुसऱ्या पंचांगाच्या अनुभवावरून वाचकांपुढें ठेवावें, असा आमचा हेतु आहे.

आमचे धाकटे बंधु १९९७ सालीं संगणकाच्या नोकरीसाठीं ‘एच-१बी’ नांवाच्या परवान्यावर अमेरिकेस गेले. हा परवाना तात्पुरता; सामान्यतः फार तर सहा वर्षांचा. पुढें त्यांना कायम वास्तव्याचें ग्रीन कार्ड मिळालें आणि २००६ च्या आरंभीं ते तेथील नागरिक झाले. नागरिक होतांच त्यांनीं पहिली गोष्ट केली ती ही कीं, थोरल्या भावास, म्हणजे आम्हांस, सपरिवार बोलावण्याचा अर्ज दाखल केला. अमेरिकेची आम्हांस फार ओढ होती असें नव्हे. परंतु १८७७ सालीं निघालेली येथील जुनी गिरणी १९६३ सालीं बंद पडली, लक्ष्मी-विष्णु गिरण्यांचे भोंगेही शतकाच्या अखेरीस थांबले. अशा गांवीं मुलांच्या भवितव्याची काळजी कोणास नसते? अर्ज करून ठेवण्यांत वाईट तें काय, असें सर्वांचें मत पडलें.

हें दार आपल्या लोकांना पुष्कळ काळ बंदच होतें. १९१७ च्या अमेरिकन कायद्यानें आशियांतील बहुतेक देशांच्या लोकांना मज्जाव केला. १९४६ सालीं तो भारतीयांपुरता उठला, तेव्हां वाट्यास आल्या त्या वर्षाकांठीं अवघ्या १०० जागा. ३ ऑक्टोबर १९६५ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं नव्या कायद्यावर सही केली आणि मूळ देश पाहून जागा वांटण्याची रीत मोडली; तेथें असलेल्यांचे आप्त आणि तेथें हवे असलेले कामगार, यांना प्राधान्य आलें. पुढें १९९० च्या कायद्यानें आंकडे बांधून दिले. आप्तवर्गास वर्षाला किमान २,२६,०००, कामगारवर्गास किमान १,४०,०००, आणि या जागांत कोणत्याही एका देशास सामान्यतः शेंकडा सातांहून अधिक नाहीं. देश चिमुकला असो कीं भारताएवढा असो, माप एकच.

आतां ‘आप्त’ म्हणजे कोण? आमच्या लहानपणीं वडील मंडळी ‘कुटुंब’ हा शब्द पत्नीसाठींच योजीत. ‘आमचें कुटुंब माहेरीं गेलें आहे,’ असें कोणी म्हटलें, तर घर रिकामें झालें असें कोणी समजत नसे. अमेरिकन कायद्याचें कुटुंब या जुन्या अर्थाच्या बरेंच जवळ आहे. नागरिकाची पत्नी किंवा पति, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलें आणि आईवडील, यांना रांग नाहीं. मोठ्या झालेल्या अविवाहित मुलांना रांग आहे, विवाहित मुलांना त्याहून निराळी. भावाबहिणींची रांग सर्वांत शेवटची. तिला साऱ्या जगांत मिळून वर्षाला ६५,००० जागा. काका, मावशी, आत्या, भाचा यांना स्वतंत्र रांगच नाहीं. आमच्या घरीं मातोश्री आहेत. वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे आत्याबाई, वैधव्य आल्यापासून चाळीस वर्षें आमच्याच घरीं आहेत. आम्ही उभयतां, एक मुलगी व एक मुलगा. एका पंगतीस बसणारीं हीं सहा माणसें कायद्याच्या लेखीं एका घरचीं नव्हतींच.

अर्जाबरोबर पहिला प्रश्न आला तो हा कीं, आम्ही दोघे सख्खे भाऊ आहों, हें कशावरून? आमचा जन्म आजोळीं, भीमाकांठच्या गांवीं. तेथील दप्तरांत नोंद होती. पण ती ‘मुलगा’ एवढीच, नांवाशिवाय. शिवाय ती मामांनीं सांगून केलेली, म्हणून तींत आईचें नांव माहेरचें. बंधूंचा जन्म सोलापुरांतला. त्या नोंदींत आईचें नांव सासरचें. विवाहांत तांदुळांत लिहून बदललेलें नांव कोणत्या सरकारी वहींत चढलेलें असणार? कागदोपत्रीं आम्हां दोघां सख्ख्या भावांच्या माता दोन निघाल्या! असा घोटाळा जुन्या घरांतून सर्रास आढळतो. त्यावर उपाय म्हणजे शाळेचे दाखले आणि ज्यांना जन्म प्रत्यक्ष ठाऊक आहे अशा वडीलधाऱ्यांचीं प्रतिज्ञापत्रें. त्यांतलें एक प्रतिज्ञापत्र आत्याबाईंनीं केलें. दोन्ही बाळंतपणांच्या वेळीं त्या जाणत्या होत्या. दोन्ही नांवें एकाच बाईचीं आणि हे दोघे तिचेच पुत्र, असें त्यांनीं शपथेवर सांगितलें, आणि चार वर्षांनीं, २०१० सालीं, अर्ज मंजूर झाला.

मंजूर झाला म्हणजे काय झालें? रांगेंतील जागा पक्की झाली, एवढेंच. पुढील चौदा वर्षें आम्हीं बुलेटिन वाचण्यांत घालविलीं. २०२४ च्या अखेरीस न्यू हॅम्पशायर प्रांतांतील पोर्ट्समथ येथील राष्ट्रीय व्हिसा केंद्राची सूचना आली कीं, पाळी आली. आतां प्रत्येकाचा अर्ज, जन्माचे दाखले, पासपोर्ट कचेरींतून मिळणारा पोलिसांचा दाखला, आणि बंधूंचें हमीपत्र पाठवावें. हें हमीपत्र म्हणजे नवागतांचा भार सरकारवर पडणार नाहीं, याविषयींचें बंधन. हमी देणाराचें उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी असावें लागतें. त्यानंतर ठराविक डॉक्टरांकडून तपासणी, आणि शेवटीं मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांतील वकिलातींत मुलाखत. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनें निघालें म्हणजे सकाळीं मुंबई. सोलापूरकरांस यांत अवघड कांहींच नाहीं. अवघड होतें तें वयाचें गणित.

अर्ज केला तेव्हां मुलगी आठ वर्षांची होती व मुलगा दोनांचा. पाळी आली तेव्हां मुलगी सव्वीस पार करून गेली होती. भावाच्या अर्जावर त्याचीं मुलें जाऊं शकतात तीं एकवीस वर्षांखालील व अविवाहित असलीं तरच. २००२ च्या एका कायद्यानें थोडी सवलत ठेविली आहे: अर्ज मंजुरीवांचून जितका काळ पडून राहिला, तितका काळ मुलाच्या वयांतून वजा होतो. आमचीं चार वर्षें वजा केलीं तरी मुलगी बाविसांच्या पुढेंच राहिली. मुलगा मात्र आंत आला. मातोश्रींस तर रांगच नव्हती. नागरिकाची आई म्हणून त्या केव्हांच जाऊं शकल्या असत्या. आत्याबाईंच्या नांवाला कोठें जागाच नव्हती.

मुलीसाठीं मार्ग अगदींच नाहीं असें नव्हे. आम्ही तेथें जाऊन ग्रीन कार्डधारक झालों, म्हणजे मोठ्या अविवाहित मुलीसाठीं निराळा अर्ज करतां येतो. २०२५ सालीं भारतीयांना त्या रांगेंत सुमारें आठनऊ वर्षें लागत होतीं. अट एकच: तोंवर तिनें लग्न करूं नये. लग्न केलें कीं अर्ज रद्द. मग आम्ही नागरिक होऊन विवाहित मुलीच्या त्याहून लांब रांगेंत तिला पुन्हां उभें करावयाचें. सव्वीस वर्षांच्या मुलीस पस्तिशीपर्यंत थांब असें कोणत्या बापानें सांगावें? कायद्यास हा प्रश्न पडत नाहीं. कारण कायदा कोणासही थांब म्हणत नाहीं, तो फक्त तारीख सांगतो.

आमचेंच दुःख मोठें आहे असें मात्र आम्ही मानीत नाहीं. नोकरीच्या रांगेंत उभ्या असलेल्या भारतीय संगणकतज्ज्ञांपैकीं बहुतेकांची तारीख २०२५ सालींही २०१३ च्या आसपास रेंगाळत होती. त्यांच्याबरोबर लहानपणीं गेलेलीं मुलें तेथेंच वाढून एकविसाव्या वर्षीं परकीं ठरतात. आखातांत जाणारा गवंडी किंवा ड्रायव्हर तर या विचारालाही पात्र नसतो. दहावी न झालेल्या कामगारास १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणें जातांना आपल्या सरकारची अनुमति लागते; आणि तेथें पुरेसा पगार नसेल तर बायकामुलें नेण्याची सोय नाहीं. तेथें दोन हात हवे असतात. हातांमागचें घर नको असतें. हें लिहितांना आमच्याच गांवाचा इतिहास आठवतो. तेलंगणांतून, निजामाच्या मुलखांतून, पद्मशाली विणकर येथें आले. आधीं एक माणूस येई, माग मिळाला कीं बायकोला, मग भावाला, मग म्हाताऱ्या आत्यालाही आणी. त्याला कोणी रांग विचारली नाहीं. सोलापुरी चादरीचें नांव झालें तें अशा घरांच्या बळावर.

असो. सूचनेला उत्तर देण्यास कायद्यानें एक वर्षाची मुदत असते. आम्हीं सर्वांना एकत्र बसवून प्रत्येकाची रांग समजावून सांगितली. मुलगी म्हणाली, “बाबा, माझ्यासाठीं थांबूं नका.” मुलगा कांहींच बोलला नाहीं, आणि त्याचें न बोलणें आम्हांस समजलें, आम्ही गेलों नाहीं तर त्यालाही जातां येणार नव्हतें. मातोश्रींनीं सर्व ऐकून घेतलें व म्हणाल्या, “सगळ्यांच्या रांगा सांगितल्यास. वन्संना कुठल्या रांगेंत बसवणार, तें नाहीं सांगितलंस.” याला उत्तर नव्हतें. आत्याबाईंना टाकून मातोश्री येणार नाहींत. ऐंशी ओलांडलेल्या या दोघींना मुलीच्या गळ्यांत घालून आम्हीं समुद्रापार जावें, हेंही होणें नाहीं. आम्हीं न जाण्याचें ठरविलें.

बंधूंना फोनवर कळविलें, तेव्हां ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दादा, मीं घर बदललें कीं पत्ता आधीं त्यांना कळवीत असें, मग बँकेला.” यांत रागाचा शब्द नव्हता, म्हणूनच तो आम्हांस फार लागला. अर्ज नामंजूर झाला असता तर दोष सरकारला देतां आला असता. येथें एका भावानें एकोणीस वर्षें धरून ठेवलेलें दार दुसऱ्यानें लोटलें. मुलाचेंही नुकसान झालें, हें आम्ही नाकारीत नाहीं. तो आतां विद्यार्थी म्हणून स्वतःच्या पायांवर जाण्याची खटपट करीत आहे. त्या परवान्यास परत येण्याचा हेतु पटवून द्यावा लागतो, तो त्यानें पटवावा.

ज्या घरीं असा अर्ज करण्याचें घाटत असेल त्यांना आमचें सांगणें इतकेंच. जन्माच्या नोंदींत मुलाचें नांव चढलें आहे कीं नाहीं, आणि आईचें कोणतें नांव आहे, हें आजच पाहून ठेवावें. भावासाठीं अर्ज करण्यापूर्वीं मुलांचीं वयें कागदावर मांडून त्यांत वीस मिळवावे. पैसे घेऊन रांग पुढें सरकवून देतों म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. ती तारीख कोणाच्या हातची नाहीं. आणि घरांतलें कोणतें माणूस कोणत्याच रांगेंत बसत नाहीं, हा प्रश्न शेवटीं नव्हे, आरंभींच विचारावा. म्हणजे परदेशच्या भावास एकोणीस वर्षांनीं नकार ऐकावा लागणार नाहीं.

कागदांची ती जाड फाईल आम्हीं जपून ठेविली आहे. एवढ्या खटपटींतून एक गोष्ट मात्र साधली: मातोश्रींचीं दोन्ही नांवें एकाच बाईचीं आहेत, हें आतां दोन सरकारांना मान्य आहे.