वीस टक्के पाऊस

चिंचोटी म्हटलं की मुंबईकरांना धबधबा आठवतो. आम्हाला आत्या आठवते. हायवेच्या आतल्या बाजूला, तुंगारेश्वरच्या डोंगराकडे तोंड करून तिचं घर. तिचं डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा वसई स्टेशनाच्या बाजूला जावं लागतं. एक खेप चुकली की अंगावर सूज चढते, दोन चुकल्या की धाप लागते. त्यामुळे जून आला की आमच्याकडे छत्र्यांच्या आधी हवामानाचा अंदाज बाहेर निघतो.

वसईचा पाऊस काय करू शकतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ७ जुलै २०१८ ला चिंचोटीच्या धबधब्यावर पाणी अचानक वाढलं, शंभरावर पर्यटक अडकले आणि एकाचा जीव गेला. पुढच्या दोन-तीन दिवसांत नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या. अशा दिवशी आत्याला स्टेशनाकडे न्यायचं कसं? आदल्या रात्री कळून उपयोग नाही. तीन-चार दिवस आधी कळायला हवं.

योगायोग असा, की त्याच वर्षी जूनमध्ये हवामान खात्याने 'एन्सेम्बल' पद्धतीची नवी प्रणाली सुरू केली होती. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण मला समजलं ते असं. आजची हवा कितीही मोजली तरी बारीकशी चूक राहतेच, आणि ती पुढे वाढत जाते. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झने संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं, तर पुढचं सगळं हवामानच वेगळं निघालं! मग एकाच अंदाजावर भिस्त ठेवण्याऐवजी सुरुवातीचे आकडे थोडे थोडे हलवून २१ अंदाज काढायचे. त्यातले १८ मुसळधार म्हणाले तर तयारीला लागा. चारच म्हणाले तर... तर काय करायचं?

इथेच खरी गोम आहे. आत्या म्हणते, "पडणार की नाही ते सांग. टक्के कसले सांगतोस?" पण टक्केच कामाचे. बोरिवलीची मावशी सहज भेटायला येणार असेल तर वीस टक्क्यांसाठी कोणी बेत मोडत नाही. फार तर भिजेल. आत्याच्या बाबतीत मात्र वीस टक्के भरपूर झाले. तिला दोन दिवस आधी वसईत ताईकडे हलवायचं म्हणजे रिक्षाचं भाडं आणि ताईची थोडी धावपळ. नाही हलवलं आणि पाणी भरलं, तर काय जाईल ते लिहवत नाही. अंदाज तोच, पण ज्याचं जास्त जाणार त्याने आधी उठायचं.

मागच्या पावसाळ्यात असंच झालं. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज देतं. त्यात कोकणात जास्त पाऊस दिसत होता. रविवारी पालघरला बुधवारसाठी ऑरेंज अलर्ट आला. आम्ही आत्याला ताईकडे नेलं. आणि बुधवारी? चार सरी. हायवे कोरडा ठणठणीत! भाऊ हसायला लागला, तुमचं खातं म्हणजे ना... आत्याच म्हणाली, "पाणी आलं नाही ते बरंच झालं की! पाणी यावं म्हणून आणलं होतंत का मला?"

मला वाटतं, एवढं समजलं की अर्धं काम झालं.

अर्थात या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तिचा चौकोन साधारण १२ किलोमीटरचा, त्यात आमचा ओढा कुठून दिसणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला पाऊणशेही नाही. शिवाय एकवीसच्या एकवीस अंदाज एकाच वेळी चुकूही शकतात. म्हणून धबधब्याकडे निघालेल्यांनी टक्के मोजत बसू नये. डोंगरावर ढग दिसले की मागे फिरावं.

असो. यंदा आत्याची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. फाइल, गोळ्या, दोन साड्या, जपमाळ. ताईकडची खोली जुलै-ऑगस्टमध्ये आत्यासाठी राखीव, तेव्हा इतर नातेवाइकांनी मुक्कामाचे बेत दिवाळीत करावेत ही विनंती. आणि ऑरेंज अलर्टच्या दिवशी ज्याच्याकडे गाडी असेल त्याने फोन चालू ठेवावा.